पाठमोरी

सिनेमा कंपनी आमच्या गुंद गावात आली तेव्हा चित्रं अजून बोलत नव्हती. मी खानापुरात चार इयत्ता शिकलेलो, म्हणून कंपनीचं बोलणं गावाला आणि गावाचं कंपनीला समजावायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. त्या निमित्ताने मी बरेच शब्द शिकलो. दिग्दर्शक म्हणजे स्वतः कशालाही हात न लावता सगळ्यांवर ओरडणारा. कॅमेरामन म्हणजे पेटीचा दांडा एका लयीत फिरवणारा; त्याच्यापुढे मात्र दिग्दर्शकाचाही आवाज चढत नसे. नायिका झालेल्या बाप्याला मिशी काढावी लागल्याचं फार वाईट वाटत होतं. आणि दांडा फिरायला लागल्यापासून थांबेपर्यंत जे टिपलं जातं, तो शॉट.

एका शॉटला ओढ्यावरून घागर घेऊन येणारी बाई हवी होती. दिग्दर्शकाने माझ्या बायकोला निवडलं. ती आधी नको नको म्हणाली, मग ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तालमीत अशी झोकात चालली, आणि पेटीजवळ आल्यावर माझ्याकडे बघून अशी हसली, की कॅमेरामनही खूश झाला. पण तालमीत दांडा फिरवत नाहीत. फिल्म महाग असते.

एवढ्यात ऊन सरकलं. चेहऱ्यावर उजेड पाडायला चंदेरी कागद चिकटवलेली एक फळी असते. ती धरणाऱ्याचा पाय ओढ्यात मुरगळला होता. माझा बाप धडधाकट, शिवाय हौशी. "आण हिकडं, मी धरतो," म्हणत तो फळी घेऊन पेटीशेजारी उभा राहिला.

दांडा फिरू लागला. काठावर येताच बायकोला समोर सासरा दिसला. मग आमच्याकडच्या कुठल्याही सुनेने केलं असतं तेच तिने केलं. पदर ओढला, पाठ फिरवली आणि बाजूच्या पायवाटेने चढण चढून झाडीत गेली. मी दिग्दर्शकाला कारण सांगितलं. "राहू दे, पाठमोरीही छान दिसते," तो म्हणाला. सगळे हसले.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. घरात तिचा फोटो नव्हता. आमच्यात तेव्हा कुणाचाच नसे.

खानापूरच्या बाजारात तंबूत तो सिनेमा लागल्याचं कळलं, तेव्हा बापाला गाडीत घालून गेलो. तुकडे कापून जोडणारा एक संकलक असतो, असं मी कंपनीत ऐकलं होतं. त्याने कुठून तरी तिचा चेहरा शोधून जोडला असेल, असं वाटत होतं. वेडी आशा, दुसरं काय.

ओढा आला. पदर ओढून ती वळली. बापाने धरलेला उजेड तिच्या पाठीवर लख्ख पडला होता.

बापाने एकदम पडद्याकडे पाठ केली.

"काय झालं, बा?"

"मी न्हाई बगत," तो म्हणाला. "तिला सांग, आता हिकडं फिर म्हणावं."

ती झाडीत शिरली तरी तो तसाच बसून होता.