तीस पावलांची मर्यादा

हिमायतनगरजवळच्या आमच्या शेतात रानडुकरे भुईमूग उकरू लागली, की वनखात्याची परवानगी काढून गावातले एक शिकारी गृहस्थ आपली दुनळी बंदूक घेऊन येतात. बोलणे मोजके, मात्र प्रत्येक अंतर पावलांत सांगण्याची सवय. आमची विहीर साठ पावले, देऊळ दोनशे दहा. आल्याबरोबर ते जुन्या वर्तमानपत्रावर एक बार टाकतात, छिद्रे निरखतात आणि मला समजावतात, "काका, नळीचं तोंड आवळलेलं असलं की छर्रे लांबवर एकजूट राहतेत. तरीबी तीस पावलांच्या पुढं भरवसा न्हाई." मग मचाणापासून तीस पावलांवर खुंटी ठोकतात.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, अहिंसेवर प्रवचने केली. अशा हिंसक मनुष्याच्या सहवासाचा मला संकोचच वाटे.

यंदा निम्मे पीक गेले, तेव्हा सायंसंध्या बाजूला ठेवून मीही त्यांच्याजवळ मचाणावर जाऊन बसलो. अंधारण्यापूर्वीच एक थोराड डुक्कर आले आणि खुंटीच्या पलीकडे निवांत शेंगा खाऊ लागले. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, पण चाप ओढला नाही.

"मारा!" मी कुजबुजलो. "अहो, मारा ना!"

"पन्नास पावलं हाय. नुसतं जखमी हून जाईल, अन् रानात तडफडून मरंल."

"मरू द्या की!"

हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की डुक्कर पळून गेले.

त्यांनी शांतपणे काडतुसे काढून खिशात ठेवली.

"उद्या तुम्ही देवापाशीच बसा, काका," ते अदबीने म्हणाले. "हितं लई सबुरी लागती."