डवरणीचं पुस्तक

अकोल्यातल्या एका खासगी कृषी महाविद्यालयात पौर्णिमा गावंडे ग्रंथपाल आहेत. कॉलेजातल्या निम्म्या पीएच.डी. त्यांच्या टेबलावरून गेल्या. संदर्भ शोधून द्या, यादी नीट लावून द्या, चुका काढा. आणि शेवटी आभाराच्या पानावर काय, तर ‘ग्रंथालयातील कर्मचारी’. नावसुद्धा नाही. बाईंना याचा राग यायचा, पण ग्रंथपालानं स्वतः संशोधन करावं हे त्यांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

ते आलं नाजिया मॅडममुळे. या अमरावतीच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल. महिन्यातल्या एका रविवारी त्या आसपासच्या ग्रंथपालांना घरी बोलावतात, चहा-पोहे खाऊ घालतात आणि मग कामाला जुंपतात. अट एकच, दुसऱ्याचा प्रबंध घेऊन यायचं नाही. तिथं बाईंना आपला प्रश्न सापडला. पुस्तक कपाटात असतं, तरी मुलांनी कॉम्प्युटरवर शोधलं की ‘नोंद नाही’ असं का येतं? मुलांचा शब्द आणि कॅटलॉगमधला शब्द यांत अंतर तरी किती?

वर्षभर त्या काउंटरवर मुलांचे शब्द टिपत राहिल्या. त्यावर निबंध लिहिला, तो अमरावतीला भरणाऱ्या ग्रंथालयशास्त्राच्या परिषदेनं स्वीकारला. प्राचार्यांनी नाक मुरडत ड्यूटी लीव्ह दिली, वर पुन्हा मागू नका असंही सुनावलं. तरी बाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम होतं ते.

परिषदेआधीच्या रविवारी नाजिया मॅडमनी निबंध वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“कोळपणी? अकोल्याच्या पोट्ट्यानं कोळपणीचं पुस्तक मांगलं?”

पोरानं मागितलं होतं डवरणीचं. पिकाच्या ओळींमधून डवरा फिरवून तण काढतात, तिला वऱ्हाडात कोळपणी म्हणतं कोण? पण काउंटरवर टिपतानाच हात आपोआप पुस्तकी शब्दाकडे वळला होता. पऱ्हाटीचा कापूस झाला होता, वावराचं शेत. शाळेत असताना घरच्या बोलीसाठी इतकी बोलणी खाल्ली होती, की शुद्ध करून लिहिण्याची सवयच हाडीमाशी खिळलेली. जो फरक मोजायला निघालो तोच आपण पुसला, हे बाईंच्या लक्षात आलं.

निबंध तसाच वाचला असता, तरी कोणाला पत्ता लागला नसता. नाजिया मॅडम म्हणाल्या, ठरवायचं तुझं तू, मी कुठं बोलणार नाही. बाई घरी येऊन रडल्या आणि सकाळी निबंध मागे घेतला. हे ग्रंथपालांचं काम नव्हेच, असं प्राचार्य म्हणाले. ते फार लागलं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यातही नवी अडचण, बाई छापील मराठीत बोलल्या की मुलंही छापील बोलायची. मग त्या घरच्यासारखं विचारू लागल्या, “काय पायजे रे बाप्पा?” पोरं आधी हसली, मग मोकळी झाली. डवरणी, निंदण, ढोरं, ढोरांना घालायचं कुटार, सगळं काउंटरवर येऊ लागलं. आता बाई ऐकतील तसंच टिपत होत्या, आणि कधीकधी नाजिया मॅडम अकोल्याला येऊन ते तपासून जायच्या.

पुढच्या वर्षी बाई स्वतःची रजा टाकून परिषदेला गेल्या. निबंध वाचून झाला आणि एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. मुलांना प्रमाण शब्द शिकवा, त्यांच्यासाठी कॅटलॉग कशाला बिघडवता, असं त्यांचं म्हणणं. याचं उत्तर बाईंनी तयार करून आणलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना.

“सर, पोट्ट्यानं पुस्तक मांगलं अन् आपण नाई म्हटलं,” त्या म्हणाल्या. “पुस्तक तं कपाटातच होतं.”

प्राध्यापक खाली बसले. चर्चेचं इतिवृत्त लिहिणारी मुलगी नंतर बाईंकडे आली. हे वाक्य शुद्ध करून घेऊ का, असं तिनं अदबीनं विचारलं.

“नाई,” बाई म्हणाल्या, “मी बोलली तसंच लिव.”