थोरलीची पाठराखीण

आमचे ड्रायव्हरमामा दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या ट्रकच्या सावलीतसुद्धा बसत नसत. वडप्याच्या नाक्यावर भर मे महिन्यात ट्रकांची ही रांग उभी असायची, आणि मामा डोक्यावर टॉवेल टाकून आपल्या कंपनीची गाडी सापडेपर्यंत उन्हातून चालत राहायचे. सापडली की तिच्या चाकाला टेकून बसायचे आणि बिडी पेटवायचे. कुणी हसलंच तर म्हणायचे, "परक्याच्या ओटीवर कशाला बसायचं?"

मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. वडिलांनी पहिला ट्रक घेतला तेव्हा ते ड्रायव्हर म्हणून आले, आणि वडील गेल्यावर ट्रकसकट मला वारशात मिळाले. त्या ट्रकला आमच्या घरात सगळे 'थोरली' म्हणायचे. मी बी.कॉम. झालो होतो, तेही दुसऱ्या खेपेला, पण मामांसमोर स्वतःला अर्थमंत्री समजायचो.

थोरली चालू केली की मामा डावा तळहात गिअरच्या मुठीवर ठेवून डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "बोलते हाय." एखाद्या दिवशी म्हणायचे, "आज कुरकुर हाय तिची, मिस्त्रीला दाखव." आणि मिस्त्रीकडे नेली की खरंच काहीतरी निघायचं. मला वाटायचं, ही म्हाताऱ्याची भक्ती. मित्रांच्या घोळक्यात मी डोळे मिटून, तळहात पसरून मामांची हुबेहूब नक्कल करायचो. फार टाळ्या मिळायच्या हो!

त्यांची दुसरी सवय म्हणजे भलतंच उत्तर देणं. "मामा, नवीन गाडी घ्यायचं म्हणतोय," म्हटलं की, "हां, जेवलो मी." "या दुसऱ्या कंपनीची बरीच स्वस्त पडते," म्हटलं की, "तुझी आई बरी हाय ना?" मी म्हणायचो, काय बेरकी माणूस आहे! नको तो विषय कसा टोलवतो.

शेवटी एकदा त्यांच्या पुढ्यात उभा राहून ओरडलो, तेव्हा कुठे सरळ उत्तर आलं. "स्वस्त? बाला, हिचा फॅनचा पट्टा पानाच्या टपरीवर पन मिळतो. तुझ्या त्या नवीचा कुठं मिळल?" मी म्हणालो, "मामा, तुमचं हे सगळं भावनिक आहे." हा शब्द मला शोरूममधल्या सेल्समनने नुकताच दिला होता, आणि तो कुठे वापरू न् कुठे नको असं मला झालं होतं.

आता खरं सांगतो. नवी गाडी मी पैन् पैचा विचार करून घेतली, असं मी गावभर सांगितलं. पण जुन्या कंपनीच्या शोरूममध्ये मला 'शेठचा पोरगा' म्हणून बाकावर बसवून ठेवायचे. नव्या शोरूममध्ये एसी होता, थंड पाण्याची बाटली होती, आणि टाय लावलेला तो मुलगा मला 'सर' म्हणाला. भिवंडीत मला तोवर कुणी धड 'शेठ'सुद्धा म्हटलं नव्हतं. त्याने तिसऱ्यांदा 'सर' म्हटलं आणि मी सही केली.

मामा म्हणाले, "मी न्हाय चालवनार." भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामाचा माल नाशिकला न्यायचं काम मला नुकतंच मिळालं होतं आणि नवीवर भरवशाचा माणूस हवा होता. मी म्हणालो, "तर मग मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल." वडील असते तर हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं. मामांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि निमूट नवीत चढले.

दोन महिने बरे गेले. पहिली सर्व्हिसिंग राहिली होती, कारण त्यासाठी पार ठाण्यापलीकडे जावं लागायचं, आणि मी म्हणत होतो, बघू पुढच्या महिन्यात. एकदा मीही मिरवायला म्हणून मामांच्या शेजारी बसून निघालो. "बघा मामा, एक हादरा नाही!" मी ओरडत होतो. मामांचा तळहात मुठीवरच होता, पण चेहरा परक्या लग्नात आल्यासारखा. नाशिकच्या वाटेवर खर्डी मागे पडली आणि पीं पीं असा आवाज येऊ लागला. मी खिशातून नवा मोबाईल काढला. फोन कुणाचाच नव्हता. पुन्हा पीं पीं. पुन्हा मोबाईल. असं मी चार वेळा केलं. पाचव्या वेळी बॉनेटमधून वाफ आली.

गाडी तापल्याची सूचना देत होती, हे मला रस्त्याकडेच्या मिस्त्रीने सांगितल्यावर कळलं. फॅनचा पट्टा तुटला होता. मिस्त्रीच्या टपरीत थोरलीच्या जातीचे पट्टे तोरणासारखे टांगले होते. नवीचा? "इसका तो कंपनी से मंगाना पडेगा, शेठ," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मनापासून शेठ म्हणालं, ते असं.

मी मामांवर चिडलो. "अहो, एवढा आवाज येत होता, तुम्हाला ऐकू नाही आला?" ते मैलाच्या दगडावर बसले होते. माझ्या ओठांकडे बघत शांतपणे म्हणाले, "न्हाय आला. चार वरसं झाली, उजवा कान गेला. डावा हाय नावाला. थोरलीचं मना हातात ऐकू येतं. ही काय हातात बोलतच न्हाय, बाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्या आठवल्या. 'हां, जेवलो मी' आठवलं. मामांना ऐकू येत नव्हतं, आणि मला ऐकू येऊनही काही कळत नव्हतं.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी थोरली विकली. गोदामवाल्यांना नव्याच गाड्या हव्या होत्या, आणि मामांचा कान हे मला आयतं कारण सापडलं. त्यांच्याच काळजीपोटी करतोय, असं मी आईला सांगितलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. जुनी गाडी कोण घेणार, असं मला वाटत होतं, तर सकाळी शब्द टाकला आणि दुपारपर्यंत तिघे दारात. वज्रेश्वरीकडच्या एका वीटभट्टीवाल्याने ती नेली. भट्टीपासून गावातल्या गावात विटा टाकायच्या, एवढंच तिला काम.

मामांना मी म्हणालो, "तुम्ही घरी आराम करा, मी बघतो तुमचं." ते म्हणाले, "पोरगी सासरी चालली, पाठराखीण नको?" भट्टीवाल्याशी त्यांनी परस्पर बोलून घेतलं होतं. पाठराखीण चार दिवसांनी माघारी येते, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. मामा काही माघारी आले नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी मला थोरलीत बोलावलं आणि माझा हात धरून गिअरच्या मुठीवर ठेवला. "काय म्हनते?" मी डोळे मिटले, जन्मभर जिची नक्कल केली ती भक्ती या वेळी खरीखुरी चेहऱ्यावर आणली, आणि मान हलवून मोठ्याने म्हणालो, "बोलते आहे, मामा!"

मामांनी माझा हात मुठीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"बाला," ते म्हणाले, "अजून चालूच न्हाय केली."

आज माझ्याकडे सहा गाड्या आहेत, आणि मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कुणी बघत नसलं की मी एखाद्या गाडीत चढतो आणि मुठीवर हात ठेवून बसतो. अजून एकही माझ्याशी बोललेली नाही. आधी चालू करतो, एवढं मात्र शिकलो.