आरांकाच्या मिरचीने काढलेला चिमटा

सेंतेश शहराजवळच्या आमच्या गावात मिरचीचा पहिला घास घेण्याआधी माणूस विचारतो, "चिमटा काढते का?" तिखट आहे का, हे आमच्याकडे असंच विचारतात. आरांकाच्या टेबलावर मात्र एकतीस वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तिची फिकट पिवळी मिरची गोड. तीत डुकराचा खिमा आणि तांदूळ भरून ती टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवायची.

बी सासूबाईंचं. जाताना त्यांनी चांदीचे चमचे लेकीला दिले आणि बियांची बरणी सुनेला. लेक मार्गित हे अजून विसरली नव्हती.

रविवार, ७ जुलैला मार्गित जेवायला आली. पहिल्याच घासाला तिचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आई गेली तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते," पाण्याचा दुसरा पेला संपवून ती म्हणाली. "आईचं बी घालवलंस तू, आरांका."

बरणीत जुना दाणाही शिल्लक नव्हता. जे काही होतं ते वाफ्यात उभं होतं. ती तशीच परसात गेली. चौदा रोपं गरीब चेहऱ्याने ओळीत उभी होती. तारेच्या कुंपणापलीकडे देझोच्या गोल, लालबुंद मिरच्या. देझो निवृत्त पोस्टमन; माशाच्या रश्श्यासाठी त्याने त्या गेल्या उन्हाळ्यापासून लावायला घेतल्या होत्या.

"देझो, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या मिरच्यांच्या परागांनी माझं बी बिघडवलं."

"माझ्या मिरच्या कुंपण ओलांडत नाहीत हो, आरांकाबाई. मधमाश्यांचं मी काय सांगू? आणि पोरी तुमच्या, लक्ष तुम्ही ठेवायचं."

मधमाश्या येत होत्या त्या तिच्याच लॅव्हेंडरवर, त्यामुळे तिला पुढे भांडता आलं नाही.

कुठली रोपं अजून सासूबाईंच्या वळणाची आहेत, ते नुसतं बघून कळत नाही. प्रत्येकाचं फळ चाखायला हवं. देझोने आपली जीभ देऊ केली. पाच मिरच्या चावून त्याने पाचही लोण्यासारख्या गोड असल्याचं सांगितलं. कपाळावर घामाचे थेंब जमले होते. त्या जिभेला आरांकाने तिथेच रजा दिली. मग ती रोज एक मिरची खाऊ लागली, हाताशी पाव आणि आंबट साय घेऊन. रोपाशेजारी काडी खोचून तिच्यावर ती 'सासूबाई' किंवा 'देझो' असं लिहायची. चौदा दिवसांनी हिशेब लागला: पाच सासूबाई, नऊ देझो. नऊ रोपं उपटली. देझो ती फळांसकट लोणच्याला घेऊन गेला; आपलं ते आपल्याच घरी बरं, म्हणाला.

पाच रोपांच्या नव्या कळ्यांना मधमाश्या लागू द्यायच्या नव्हत्या. आरांकाने बैठकीच्या खोलीचा जाळीचा पडदा कापला, छोट्या पिशव्या शिवल्या आणि कळ्यांवर बांधल्या. फुलं उमलली की पराग त्याच फुलात गळावेत म्हणून रोज सकाळी ती पिशव्यांना हलक्या टिचक्या मारायची.

"नवऱ्या सजवताय का?" देझोने कुंपणावरून विचारलं.

"तुमच्या पोरांची नजर वाईट आहे, म्हणून झाकतेय."

पडदा गेल्यामुळे आरांका दुपारच्या मालिका बघताना डुलक्या घेते, हे रस्त्यावरून सगळ्या गावाला दिसू लागलं. तिने तेही चालवून घेतलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिशव्यांतली फिकट पिवळी फळं पिकून लाल झाली. बी वाळलं, मार्चमध्ये पेरलं, रुजलं. गोड की तिखट, हे मात्र जुलैशिवाय कळणार नव्हतं.

जुलैत मार्गित आली ती घरून दुधाची बाटली घेऊनच. तिने ती ताटाशेजारी ठेवली, मिरचीचा अगदी लहान तुकडा तोडला आणि डोळे मिटून चावला. आरांका चुलीशी उभीच होती. मार्गितने दुसरा तुकडा घेतला. मग अख्खी मिरची संपली, मग आणखी एक. पावाने ताट पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय."

आरांकाने लगबगीने मीठदाणी पुढे केली. वन्संनी तिच्या स्वयंपाकाचं इतकं कौतुक आजवर कधी केलं नव्हतं.