बेबी सीट मागे कुणी बांधली?

हा ग्रुप मी बरेच दिवस वाचतोय, पण लिहितोय पहिल्यांदाच. आणि खरं सांगायचं तर इथले बरेच अनुभव वाचून मी हसलोय. कोणाला जिन्यात पावलं ऐकू येतात, कोणाला बंद खोलीत अत्तराचा वास येतो... मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "यांना जेवण जास्त होतं गं." शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. एखादा पार्ट बिघडला की त्याचं कारण शोधायचं, हेच माझं काम. कारण सापडतंच, असं मी बारा वर्षं मानत आलो. आता मीच इथं लिहायला बसलोय — तुम्हीही हसा खुशाल.

आम्ही गारखेड्यात राहतो. चार मजली बिल्डिंग, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटारीशेजारची जागा आमच्या गाडीची. घरात तिघंच. मी — प्रसाद, बायको मनीषा आणि आमची रेवा. हे घडलं तेव्हा रेवा अकरा महिन्यांची होती. मनीषा शाळेत शिकवते, ती सकाळी साडेसहाला स्कूटीवर निघते. तिचं माहेर शेंद्रा गावातलंच. त्यामुळे आमचं रोजचं ठरलेलं — मी रेवाला गाडीत घालून आठपर्यंत सासूबाईंकडे सोडायचं, तिथून पाच मिनिटांवर कंपनी, आणि संध्याकाळी परत घेऊन यायचं.

रेवासाठी माझ्या बहिणीनं बेबी सीट घेऊन दिली होती. आमची गाडी जुनी, त्यामुळे ती सीट गाडीच्याच बेल्टनं बांधावी लागते. सोबत पुस्तिका होती. ती मी वाचली नाही. दोन दिवस सीट मागे ठेवून बघितली, रेवानं सिडकोपर्यंत नुसता आकांत केला. तिसऱ्या दिवशी मी ती उचलली आणि पुढं, माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली, रेवाची पाठ समोरच्या काचेकडे आणि तोंड माझ्याकडे येईल अशी. पोरगी एकदम खूश! मीही खूश.

मनीषा मात्र नाराज होती. "प्रसाद, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, पुढं एअरबॅग असते, लहान मुलाची सीट तिथं नाही ठेवायची."

"अगं, एअरबॅग जीव वाचवायला असते की मारायला? आणि मागं ठेवली की ती रडते. मी सारखा वळून बघणार, त्यातच कुठंतरी धडकेन."

दर रविवारी हे भांडण व्हायचं आणि दर सोमवारी सीट पुढंच असायची.

आता माझी स्वतःची गोष्टही सांगतो, लाज वाटते तरी. मी बेल्ट लावायचो नाही. बेल्ट न लावता गाडी चालवली की टिंग-टिंग वाजत राहतं ना? त्यासाठी एक नकली क्लिप मिळते, ती बकलमध्ये खोचून ठेवली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. ती माझ्या गाडीत कायम खोचलेली. क्वालिटीवाला माणूस! रोज कंपनीत हेल्मेट नाही म्हणून पोरांना झापायचो आणि गाडीत बसलो की हे.

सासूबाईंचं तिसरंच. त्या रेवाला सीटमधून सोडवताना रोज म्हणायच्या, "जावईबापू, लेकराला असं जखडून आणतेत व्हय? लई जीव तुटतो माझा. कुणाच्या तरी मांडीवर द्यावं की."

तर तो मंगळवार. थंडीचे दिवस. मनीषा नेहमीप्रमाणे निघून गेली होती. साडेसातला मी रेवाला कडेवर घेऊन, खांद्याला तिची बॅग आणि हातात माझा डबा असा खाली आलो. रिमोटनं लॉक उघडलं, पुढचं डावं दार उघडलं... आणि सीट जागेवर नाही.

पहिला विचार — चोरी! पण काच फुटलेली नव्हती, लॉक मी आत्ताच उघडलं होतं. मग मागं लक्ष गेलं.

बेबी सीट मागच्या सीटवर होती. डाव्या बाजूला, तोंड मागच्या काचेकडे, आणि गाडीचा बेल्ट तिच्या खालच्या खाचांमधून असा ओवलेला की मला तो तसा जातो हेसुद्धा माहीत नव्हतं. मी पुढं बांधायचो तेव्हा सीट हातानं हलवली की डुगडुगायची. ही मी धरून हलवली — तर सगळी गाडी हलली, सीट नाही हलली!

मला राग आला. वाटलं, मनीषानं केलं. रविवारी हरली आणि आज गुपचूप हे करून गेली. फोन लावला, ती वर्गात होती, उचलला नाही. मी रेवाला वॉचमन दगडूमामांकडे दिलं आणि सीट सोडवायला लागलो. बकलचं लाल बटण दाबलं — काही नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, वाकून, गुडघे टेकून दाबलं... सुटेचना. दहा मिनिटं गेली, घाम फुटला.

"मामा, सकाळी इथं कोणी आलं होतं का?"

"नाय साहेब. मी पाचपासून हितंच हाय. म्याडम तेवढ्या गेल्या, सरळ स्कूटीकडं. गाडीकडं कुणीबी फिरकलं नाय."

उशीर होत होता. वैतागून मी रेवाला मागंच बसवलं, पट्टे लावले, डबा पुढच्या रिकाम्या सीटवर टाकला आणि गाडी सुरू केली. टिंग-टिंग-टिंग... खाली बघितलं तर बकलमध्ये क्लिप नाही! सीटखाली, मॅटखाली, दाराच्या कप्प्यात, सगळीकडे चाचपलं. नाही. म्हटलं, मनीषानं तीही फेकून दिलेली दिसतेय. संध्याकाळी बघतोच हिला, असं पुटपुटत, केवळ तो आवाज बंद व्हावा म्हणून मी बेल्ट लावला. बहुतेक सहा महिन्यांनी.

गंमत म्हणजे रेवा रडली नाही. सिडको गेलं, चिकलठाणा आलं, तरी शांत. झोपली होती.

चिकलठाणा मागे पडलं आणि जालना रोड जरा मोकळा मिळाला, तसा मी वेग वाढवला. पुढं भाजीचा टेम्पो होता. डिव्हायडरच्या झाडीतून एक गाय अचानक रस्त्यात उतरली. टेम्पोवाल्यानं जागच्या जागी ब्रेक मारला. मीही मारला, पण अंतर पुरलं नाही... धाड!

पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. सगळं पांढरं झालं. फटाक्यासारखा वास. छातीवर कुणी आडवं दाबून धरल्यासारखं, आणि कानात नुसती शिट्टी. मग त्या शिट्टीच्या मागून एक आवाज आला — रेवा रडत होती. मुलीचं रडणं ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

वळून बघितलं. सीट होती तिथंच होती, बोटभरसुद्धा सरकलेली नाही. सीटच्या वरून तिचे दोन हात तेवढे दिसत होते, हवेत हलणारे. टेम्पोवाला धावत आला, त्यानं मागचं दार उघडलं. एका रिक्षातून उतरलेल्या मावशींनी रेवाला अलगद बाहेर काढलं, छातीशी धरलं आणि ओरडून सांगितलं, "भाऊ, काही लागलं नाही हो, पायमोजा तेवढा पडलाय!"

मग माझी नजर डावीकडे गेली. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग उघडून लोंबत होती. सीटवर टाकलेला माझा स्टीलचा डबा दाराशी जाऊन पडला होता. झाकण आत चेपलेलं, भात सगळीकडे. मी त्या डब्याकडे बघतच राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी रेवाला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. साधा ओरखडा नाही. माझ्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत निळी तिरकी रेघ उमटली होती. "ही बेल्टची खूण," डॉक्टर म्हणाले. "ही नसती तर आपण आज वेगळं काहीतरी बोलत असतो."

सासूबाई मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या. पदर सुटलेला, धाप लागलेली. "लेकराला काय झालं नाय ना?"

"नाही आई. सीटमध्ये घट्ट बांधलेली होती."

त्यांनी रेवाला घेतलं, मुके घेतले, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग बांधत जा बाबा. अजून घट्ट बांधत जा!" त्या अवस्थेतही मला हसू आलं.

मनीषा शाळेतून आली ती रडतच. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "मने, तू सीट मागं केलीस म्हणून..."

तिनं डोळे पुसले. "मी? मी कधी केली?"

"सकाळी. सीट मागं, क्लिप गायब..."

"प्रसाद, सकाळी मी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आणि मी केलं असतं ना, तर तुला आयुष्यभर ऐकवलं असतं."

हे मात्र शंभर टक्के खरं. मी तिला ओळखतो.

गाडी ओढून आमच्या नेहमीच्या गॅरेजला नेली होती. संध्याकाळी मी तिकडे गेलो. गॅरेज सलीमभाईंचं, केस पांढरे होईतो गाड्यांतच आयुष्य गेलेला माणूस. ते मागचं दार उघडून उभे होते.

"भाई, ये सीट किसने बांधी?"

"का हो?"

"ऐसी बांधी है ना, लाजवाब. ऐसा टाइट करने का एकच तरीका है — घुटना सीट में रखके पूरा वजन डालने का, और फिर पट्टा खींचने का. दो-तीन बार. कायकू पूछ रा बोले तो, लोगां ऐसा करतेच नै."

मी म्हटलं, सकाळी दहा मिनिटं झटलो, बकल सुटलं नाही. त्यांनी वाकून अंगठ्यानं लाल बटण दाबलं. खट्! पहिल्या झटक्यात सुटलं. मला म्हणाले, "नया का नया है. कुछ खराबी नै."

मग मी त्यांना विचारलं, सीट पुढं असती तर? सलीमभाई पुढच्या सीटपाशी गेले, आपला तळहात सीटच्या पाठीपासून थोड्या अंतरावर धरला, जिथं रोज रेवाचं डोकं असायचं, आणि दुसऱ्या हाताची मूठ डॅशबोर्डकडून येऊन त्या तळहातावर जोरात आपटली. मग सनव्हायझर खाली करून त्यावरचा स्टिकर दाखवला. एअरबॅगसमोर बाळाच्या सीटचं चित्र, वर लाल फुली. चार वर्षं ते माझ्या गाडीत होतं. मी तिथंच गाडीच्या पायरीवर बसलो. सलीमभाईंनी पाण्याची बाटली दिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अल्ला का शुक्र मानो भाई. घर जाओ, बच्ची को देखो."

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या चेअरमनकाकांकडे जाऊन पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. मनीषाही सोबत होती. सोमवारी संध्याकाळी मी गाडी लावताना, रेवाला पुढच्या दारातून काढताना दिसतो. म्हणजे तेव्हा सीट पुढंच होती. त्यानंतर रात्रभर गाडीजवळ कोणी नाही. एक मांजर तेवढं बॉनेटवर बसून गेलं.

पहाटे पाच अडतीसला गाडीतला दिवा लागला.

दार उघडलं नाही. चारही दारं कॅमेऱ्यात दिसतात, एकही उघडलं नाही. काचेमागे काही दिसावं इतकं चित्र स्पष्ट नाही. चार मिनिटं दिवा तसाच जळत राहिला. मधेच गाडीचा मागचा भाग खाली दबला आणि वर आला. थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मग दिवा विझला.

काका म्हणाले, "वायरिंगचं काहीतरी असेल." दिव्याचं ठीक आहे. पण वायरिंगनं गाडी खाली कशी दबेल? मी मनीषाकडे बघितलं. त्या वेळी ती वर स्वयंपाकघरात होती. मिक्सरच्या आवाजानं मला जाग आली होती आणि घड्याळात पाच चाळीस झाले होते. रेवा माझं बोट धरून झोपलेली. गाडीची एक किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, दुसरी कपाटात. दोन्ही जागेवर होत्या.

नकली क्लिप आजपर्यंत सापडली नाही. गाडी दुरुस्तीसाठी अर्धी उघडली होती तेव्हा सलीमभाईंनीही शोधली. नाही.

याला आता आठ महिने झाले. सासूबाई म्हणतात, देवानंच माणूस पाठवला. मनीषा म्हणते, तुझ्यासारख्या हट्टी माणसाला कुणीतरी वैतागलं असेल. मी दर महिन्याला एक नवं स्पष्टीकरण काढतो आणि चार दिवसांत स्वतःच ते खोडतो. कंपनीत मी असा रिपोर्ट कधीच पास केला नसता — कारण: अज्ञात.

रेवा आता चालते, बोलते. गाडीत मागे बसून खिडकीतल्या प्रत्येक गाईला हाक मारते. आम्ही मजेत आहोत. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा, पण खरं सांगू? उत्तर मिळालंच पाहिजे असं आता मला वाटत नाही. आभार मानायला समोर कोणी नाही, एवढीच काय ती रुखरुख आहे.