नाथानं दाखवलेली पुराची खूण

नाथाचा संशयी स्वभाव आंबिवलीच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होता. वाण्यानं चिमूटभर मीठ जास्त टाकलं तरी हा पुडी उलगडून बघायचा, की मेला आज एवढा उदार का झाला. बायको गेल्यावर त्याला दोनच पोरं, काळुराम आणि शेवंती. भरवसा त्यांच्यावरही नव्हता, पण शेवंतीवर जीव होता. नजरेसमोर राहावी म्हणून तिला गावातच दिलेली.

बावन्न साली पुराची चौकशी करायला एक साहेब आला. काळू नदीचं पाणी आजवर कुठवर चढलं, ते विचारत होता. गोड बोलत होता, वर बिड्याही देत होता. नाथाच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. लढाईच्या दिवसांत असेच खुंट्या ठोकणारे साहेब आले होते आणि पलीकडच्या गावची भाताची खाचरं सरकारजमा झाली होती. पाणी जेवढं वर दाखवू तेवढी जमीन बुडीत ठरणार, आणि बुडीत जमीन सरकारच्या घशात जाणार, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

"पानी या चिंचेपरत आलेलं," त्यानं उतारावरची खालची चिंच दाखवली.

"कोणी दगावलं होतं?"

"कोनी नाय."

खरं तर नाथाच्या लहानपणी पाणी पार वर, गावदेवीच्या पायरीला लागलं होतं, आणि नाथाची आई त्यात वाहून गेली होती. तो स्वतः पिंपळावर चढला म्हणून वाचला. ते पाहिलेलं गावात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. पोरांनाही त्यानं आजी तापानं गेली असंच सांगितलेलं. ती आठवण काढायचीच त्याला भीती वाटायची.

साहेबानं चिंचेपाशी दगड पुरला. दोन वर्षांनी हुकूम आला, दगडाच्या वरच्या अंगाला घरं बांधायला मोकळीक. शेवंतीनं आणि तिच्या नवऱ्यानं दगडाला लागूनच जागा धरली. पाया खणलेला बघून नाथानं हातातलं काम टाकलं. तो तडक तिथं गेला.

"शेवंते, इथं घर नको बांधू. इथं पानी येतं. तुझी आजी इथूनच वाहून गेली."

शेवंतीनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. "आजी तर तापानं गेली ना?"

"ते मी उगाच सांगितलेलं."

"आनि साहेबाला सांगितलं ते? मी उभी होते ना तिथं." ती त्याला निरखून बघत होती. "बाबा, खरं सांगा. ही जागा काळुदादाला पायजे, होय ना? त्यानंच धाडलंय तुमाला."

"तुझ्या गळ्याची आन, पोरी."

"आन नका घेऊ. तवा खोटं बोललात का आता बोलताय, ते मी कसं वलखू?"

पोर अगदी आपल्यावर गेली, हे नाथाला त्या घटकेला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या स्वभावाचा तिटकारा आला. तो पायाच्या चरात उतरला आणि मांडी घालून बसला. गवंडी हातात थापी धरून शेवंतीकडे बघू लागला.

"त्या बाजूनं सुरू कर," शेवंती म्हणाली. "दमले की उठतील."