काझी डॉक्टरांचं स्टेशन

काझी डॉक्टर आधी तुमच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबायचे, मग दाताचा ठसा घ्यायचा साचा बसवायचे, आणि तुमची जीभ पुरती निकामी झाल्याची खात्री पटली की तुमचा सल्ला विचारायचे.

"देशपांडेसाहेब, एक मशवरा पाहिजे. स्टेशनमास्तरच्या टेबलावर पानाचा डबा ठेवू का चष्मा?"

"आँ," मी म्हणालो.

"पानाचा डबा. माझंबी तेच मत होतं."

ही आमची पहिली भेट. चूळ भरून मी उठलो तेव्हा डॉक्टर वाटीत उरलेल्या प्लास्टरचा, ते घट्ट व्हायच्या आत, हरभऱ्याएवढा माठ वळत होते. माठ झाला. तो त्यांनी तळहातावर घेऊन फुंकला आणि मला म्हणाले, "चला वर. ह्याला त्याच्या जागी बसवू." बाहेर बाकावर दोन पेशंट गाल धरून बसले होते. मी त्यांची माफी मागत मागत जिना चढलो.

पुंडलिकनगरातल्या त्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचणाऱ्या टेबलावर जुन्या मीटरगेजच्या काळातलं एक आख्खं स्टेशन होतं. रूळ, फलाट, तिकीटघर, बिनतिकीट सापडलेल्यांची कोठडी, रेल्वेची क्वार्टर्स, चहाची खोली, पंपघर. माणसं बोटाच्या पेराएवढी. एक छोटं इंजिन होतं, पण ते डॉक्टर फक्त मुलं आली तर चालवायचे, तेही तोंड वाकडं करून. "गाडीचं काय, येती अन् जाती. खरी दुनिया थांबलेल्यांची," असं ते म्हणत.

त्यांचा जीव होता तो इमारतींच्या आत. बँडेजच्या जाळीची मच्छरदाणी, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदाची किटली, टाके घालायच्या दोऱ्याची वाळत घालायची दोरी आणि तिच्यावर मास्तरांचा बनियन. खिडक्यांना काच म्हणून दातांचे जुने एक्स-रे, धुऊन पारदर्शक केलेले. एखादा नीट धुतला गेला नसेल तर वेटिंगरूमच्या खिडकीत कुणाची तरी दाढ धुक्यात उभी असल्यासारखी दिसे. हे सगळं कोरून, रंगवून, बसवून झालं की डॉक्टर त्या इमारतीवर छप्पर ठेवायचे आणि ते कायमचं चिकटवून टाकायचे.

"अहो, मग आतलं दिसणार कसं?" मी विचारलं.

"खिडक्या कशाला असतात, साहेब? ज्याला गरज हाय तो वाकंल."

लोक वाकायचे. कारण डॉक्टरांचा एक रिवाज होता. ज्याने त्यांच्या खुर्चीत तोंड उघडलं, त्याला त्यांच्या स्टेशनात जागा मिळायची. चेहरा, कपडे, उभं राहण्याची ढब, सगळं हुबेहूब. कुठे बसवलंय ते मात्र ते सांगत नसत. "शोधा," एवढंच म्हणत. त्यामुळे दात दुखत नसतानाही माणसं दवाखान्यात यायची आणि वरच्या खोलीत मोबाइलची बॅटरी लावून खिडक्याखिडक्यांतून डोकवायची.

महाजन काकू स्वतःला क्वार्टर्सच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना सापडल्या आणि भडकल्या. "डॉक्टर, इथंही पोळ्याच? जरा तरी लाज बाळगा." डॉक्टरांनी कान पकडले. त्यांनी कडेची भिंत अलगद कापून काढली आणि पुन्हा बसवली. पुढच्या खेपेला काकू आरामखुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या आणि पोळ्या महाजन काका लाटत होते. मग काकांनी बोलणं टाकलं. शिंदे वकील बिनतिकीट कोठडीत निघाले. त्यांनी नोटीस पाठवायची धमकी दिली. डॉक्टर म्हणाले, "पाठवा की. पण आधी जामीन करून घ्या."

आता माझं. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनियर आहे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे सांगायला नकोच. लग्नाच्या पंगतीत, मसणवाटेत, लिफ्टमध्ये, कुठेही मला लोक एकच प्रश्न विचारतात: "साहेब, पाणी कधी?" वास्तविक मी पाणी अडवून धरलेलं नाही. पण विचारलं की माझा चेहरा असा होतो, जणू ते माझ्या खिशातच आहे. ड्रम भरताना बायको नुसती माझ्याकडे बघते तरी मी म्हणतो, "सॉरी." एकदा मी टँकरवाल्याचीही माफी मागितली होती, त्याने गोंधळून मला सुटे पैसे परत दिले. डॉक्टर म्हणायचे, "तुम्ही गुळण्यासुद्धा माफी मागून, घोटभर पाण्यात करता. एवढं पाणी वाचवून कुणाला पाजायचंय?"

पण पाणी कधी येणार, हे मला कधीही न विचारणारा ओळखीतला एकच माणूस म्हणजे काझी डॉक्टर. म्हणूनच त्यांनी मला कुठे बसवलंय, याचा मला घोर लागला होता. तोंडावर न बोलणारा माणूस मनात काय समजतो, ते त्या स्टेशनात लिहून ठेवल्यासारखं होतं. मी कोठडीत डोकावलो. तिथे वकीलच होते. फलाटावरच्या कोरड्या नळाखाली पाहिलं. रिकामी घागर होती, मी नव्हतो. राहिलं पंपघर. त्याच्या खिडक्यांचे एक्स-रे मुद्दाम न धुता काळे ठेवलेले. माझी खात्री पटली. मी आत होतो, आणि काहीतरी भयंकर करत होतो.

एका दुपारी डॉक्टर पेशंटसाठी खाली गेले. माझ्या हाताला त्यांचीच प्लास्टर कालवायची एक बारीक पट्टी लागली. मी ती पंपघराच्या छपराखाली घातली. छप्पर पटकन उचललं गेलं, इतकं सहज की मीच दचकलो. आत पंप नव्हता, माणूस नव्हता. फक्त एक छोटी खुर्ची होती आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत पाटी: "या, साहेब. बसा. वाट बघत होतो."

मी छप्पर हातात धरून उभा असतानाच डॉक्टर वर आले. त्यांनी मला पाहिलं आणि दाराची चौकट धरून हसायला लागले. हसता हसता खाली बसले.

"डॉक्टरसाहेब, माफ करा, माझ्याकडून फार मोठी..."

"गप्प बसा हो! सगळी छपरं पक्की चिकटवलीत. हे एकच नुसतं टेकवून ठेवलं होतं. मला ठाऊक होतं तुम्ही हेच उचलणार."

"मग मी आहे तरी कुठे?"

"ते नाय सांगणार. पण तुम्ही बघता कुठं कुठं, ते बघून मला लई मजा येती. कोठडी झाली, कोरडा नळ झाला, पंपघर झालं. अहो, स्टेशनात दुसऱ्या खोल्याबी हायेत!"

यातून मी काहीतरी शिकायला हवं होतं. मी शौचालयात पाहिलं.

पुढे डॉक्टरांची नजर मंदावली. पेशंटच्या तोंडात आपला अंदाज चुकण्याआधी थांबलेलं बरं, असं म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. ते आणि भाभी हैदराबादला मुलीकडे राहायला निघाले. मुलीच्या फ्लॅटमध्ये स्टेशन मावणार नव्हतं. निरोपाच्या दिवशी वरच्या खोलीत आम्ही सगळे जमलो आणि डॉक्टरांनी इमारती वाटून टाकल्या. क्वार्टर्स काकूंना मिळाली; ती काकांनी उचलून नेली, कपाळाला आठ्या घालून पण दोन्ही हातांनी. कोठडी वकिलांनी मागून घेतली. माझ्या हातात डॉक्टरांनी चहाची खोली ठेवली.

मी म्हणालो, "मला पंपघर चाललं असतं."

"पंपघर मी नेणार. आत कुणी नाय, हलकं हाय." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळून न्या हां. आत दोघं चहा पितायत, सांडायला नको."

खाली गाडी उभी होती. भाभी घाई करत होत्या. डॉक्टर मागच्या सीटवर पंपघर मांडीवर घेऊन बसले आणि काच खाली करून सगळ्यांना ओरडून म्हणाले, "दात घासत जा रे! आता मी नाय इथं." गाडी वळली तरी खिडकीतून त्यांचा हात दिसत होता.

घरी येऊन मी चहाची खोली टेबलावर ठेवली, बॅटरी लावली आणि वाकलो. चुलीवर चंदेरी किटली होती. भिंतीवर तिकिटाच्या तुकड्याचं कॅलेंडर. बाकावर पांढऱ्या कोटातले काझी डॉक्टर, हातात बशी. त्यांच्यासमोर एक माणूस मान मागे टाकून हसत होता. तोंड इतकं उघडं की आत प्लास्टरचे इवलेसे दात दिसत होते, आणि अगदी मागे, डाव्या बाजूला, चांदीचा एक ठिपका. माझ्या डाव्या दाढेत चांदी भरलेली आहे, हे डॉक्टरांखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी तसाच फोन लावला. गाडी अजून जालन्यालाही पोचली नव्हती. "डॉक्टरसाहेब, सापडलो."

"चहाच्या खोलीत न बघता मरता काय, असं वाटलं होतं मला."

"पण असा मी तुमच्यासमोर कधी हसलो?"

"एकदाबी नाय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर बनवावं लागलं."

मी फोन ठेवला. बायको ओला हात पदराला पुसत आली. तिने माझ्या हातातली बॅटरी घेतली, कंबरेत वाकून खिडकीतून बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टर अगदी तस्सेच केलेत. पण समोरचा हा कोण?" तिने बॅटरी आणखी जवळ नेली. "दात मात्र छान आहेत हो मेल्याचे."

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खिडकीत पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग सरळ उभी राहिली आणि बॅटरीचा झोत तिने माझ्या तोंडावर धरला.

"अहो," ती म्हणाली, "परत एकदा हसा बघू."